टेरेझेचं कुरण

१७ ऑक्टोबर १८१० रोजी म्युनिकच्या वेशीबाहेरच्या एका कुरणावर घोड्यांची शर्यत लागली. पाच दिवसांपूर्वी बव्हेरियाचा युवराज लुडविग बोहल्यावर चढला होता आणि लग्नसोहळ्याची सांगता या शर्यतीने व्हायची होती. कल्पना मुळात एका भाड्याच्या घोडागाडीवाल्याची, असं सांगतात. ती राजाच्या कानी घातली आन्द्रेआस दालार्मी नावाच्या पेढीवाल्याने. हा गृहस्थ शहराच्या नागरी घोडदळात मेजरही होता. सुमारे चाळीस हजार माणसं जमली आणि त्यातली बरीचशी शेजारच्या टेकडीच्या उतारावर जागा धरून बसली. नवरीचं नाव टेरेझे. कुरणाला तिचंच नाव देण्यात आलं: टेरेझियनवीझे. म्युनिककर त्याला लाडाने नुसतं ‘वीझन’ म्हणतात आणि तिथे दरवर्षी भरणाऱ्या जत्रेला बाकीचं जग ऑक्टोबरफेस्ट म्हणतं.

त्या दिवशीचं कुरण आजच्या पर्यटकाला ओळखताही आलं नसतं. हजारो माणसं पोटात घेणारे तंबू नव्हते. बिअर आणि वाइन मिळत होती, पण ती कडेला, टेकडीवर. शिकल्यासवरलेल्या शहरी माणसाने चामड्याची तोकडी तुमान घालून जत्रेला यावं, हे तर कोणाच्या मनातही आलं नसतं. नवरी बव्हेरियाची नव्हती. ती थुरिंगियातल्या हिल्डबुर्गहाउझेन या चिमुकल्या संस्थानाची राजकन्या, आणि कट्टर कॅथलिक राजघराण्यात सून म्हणून आलेली प्रॉटेस्टंट.

आज जगात कुठेही ‘जर्मन संस्कृती’ दाखवायची झाली की ठरलेला संच बाहेर निघतो. लिटरभराचा काचेचा मग, चामड्याची तुमान घातलेला गुबगुबीत पुरुष, घेरदार झग्यातली हसरी तरुणी, बँडचा भोंगा, तळहाताएवढा खारा प्रेट्झेल. मुंबई-पुण्यातले पबसुद्धा सप्टेंबर-ऑक्टोबरात निळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पताका लावतात. त्या चौकटी जर्मनीच्या झेंड्यातल्या नाहीत, बव्हेरियाच्या आहेत. हे सगळं खोटं आहे असं कोणी म्हणू नये. म्युनिकची माणसं खरोखरच तो मग उचलतात आणि मनापासून उचलतात. पण हे चित्र साऱ्या जर्मनीचं कधीच नव्हतं आणि बव्हेरियाच्या मातीतूनही ते आपोआप उगवलेलं नाही. ते रंगवलं गेलं. रंगवणाऱ्यांमध्ये राजे होते, शाळामास्तर होते, ज्यू कापडव्यापारी होते, अमेरिकन सैनिक होते. आणि त्यातलं पुष्कळसं काम या ४२ हेक्टरच्या कुरणावर किंवा त्याच्या आसपास झालं.

राजाला हे लग्न इतकं थाटात का साजरं करायचं होतं, ते आधी पाहायला हवं. बव्हेरिया हे राज्य म्हणून अवघं पावणेपाच वर्षांचं होतं. १ जानेवारी १८०६ रोजी नेपोलियनच्या कृपेने इथल्या विटल्सबाख घराण्याला राजमुकुट मिळाला आणि त्यासोबत फ्रँकोनिया, स्वाबियाचा मोठा तुकडा, टिरोल असे भराभर नवे मुलूखही पदरात पडले. त्यातल्या अनेकांना म्युनिकच्या राजाशी काही देणंघेणं नव्हतं. टिरोलने तर १८०९ मध्ये उघड बंड केलं. त्या बंडाचा पुढारी, खानावळीचा मालक आन्द्रेआस होफर, याला २० फेब्रुवारी १८१० रोजी मांटुआमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर आठ महिन्यांनी ही शर्यत झाली. शर्यतीआधी मुलामुलींच्या सोळा जोड्या राजासमोरून गेल्या आणि राज्यातल्या नऊ जिल्ह्यांचे पोशाख त्यांच्या अंगावर होते. पोरं फुलं आणि फळं घेऊन आली होती. पाहणाऱ्यांना ते गोड वाटलं असेल. राजाच्या दृष्टीने तो नकाशा होता, माणसांना कपडे घालून काढलेला.

पुढची वर्षं पटकन सांगता येतात. १८११ मध्ये शर्यतीला शेतकी प्रदर्शनाची जोड मिळाली. १८१३ मध्ये नेपोलियनविरोधी युद्धामुळे जत्रा भरली नाही. १८१८ मध्ये पहिला फिरता पाळणा आला, १८१९ मध्ये नगरपालिकेने कारभार हाती घेतला. लुडविग तोवर राजा झाला होता; १८३५ मध्ये त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा पारंपरिक पोशाखांची मोठी मिरवणूक निघाली.

लुडविगबद्दल दोन शब्द जास्त सांगायला हरकत नाही, कारण माणूस रंगेल होता. ग्रीसचं त्याला वेड. म्युनिकमध्ये त्याने ग्रीक धाटणीची देवळं वाटावीत अशा इमारती उठवल्या आणि त्याचा मुलगा ओटो ग्रीसचा राजा झाला. टेरेझियनवीझेच्या टेकडीवर त्याने बव्हेरियाचा काशाचा पुतळा उभारायला घेतला: सिंहासोबत उभी असलेली, साडेअठरा मीटर उंचीची स्त्री. आराखडा श्वान्थालरचा, ओतकाम फेर्डिनांड फॉन मिलरचं. आतून जिना चढून तिच्या डोक्यापर्यंत जाता येतं. १८५० मध्ये अनावरण झालं तेव्हा मात्र लुडविग राजा राहिला नव्हता. लोला मॉन्टेझ या नर्तकीच्या नादात त्याने सिंहासन गमावलं होतं. स्वतःला स्पॅनिश म्हणवणारी ही लोला जन्माने आयरिश आणि तिच्या बालपणाची काही वर्षं हिंदुस्थानात गेलेली. जिच्या नावाने कुरण ओळखलं जातं ती टेरेझे हे सगळं मुकाट्याने पाहत राहिली. १८५४ मध्ये म्युनिकमध्ये पटकीची साथ आली, सुमारे तीन हजार माणसं दगावली आणि जत्रा रद्द झाली. टेरेझेही त्याच साथीत गेली.

आता कपड्यांकडे वळायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

चामड्याची तुमान ही आल्प्सच्या पायथ्याशी राबणाऱ्यांची, शिकाऱ्यांची, लाकूडतोड्यांची वस्तू. हरणाचं कातडं टिकतं, काट्यात फाटत नाही, धुवावंही लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर खेड्यातली माणसं ती टाकून शहरी लांब पॅन्ट घालू लागली होती. नेमकं त्याच सुमाराला राजघराण्याला तिच्याबद्दल प्रेम वाटायला लागलं. लुडविगचा मुलगा माक्सिमिलियन दुसरा याने प्रांतोप्रांतीच्या पोशाखांना उत्तेजन देणं हे सरकारी धोरणच केलं; प्रजेच्या मनात बव्हेरियापणा रुजवायचा, हा उघड हेतू. राजा स्वतः शिकारीला जाताना डोंगरी वेषात जाऊ लागला आणि मग दरबारी मंडळींनाही तो वेष शोभून दिसायला लागला.

खेड्यात मात्र ती तुमान मरतच चालली होती. १८८३ मध्ये बायरिशझेल या गावातला शिक्षक योझेफ फोगल याने मित्रांना जमवून पोशाख टिकवण्यासाठी मंडळ काढलं. अशा प्रकारचं ते पहिलं मानतात. मंडळाचे सदस्य तुमानी शिवून घेऊन गावात फिरू लागले तेव्हा लोक हसले. चर्च तर रागावलंच. उघडे गुडघे हे सभ्यपणाचं लक्षण नव्हतं आणि १९१३ मध्येही म्युनिकच्या आर्चबिशपच्या कार्यालयाने तोकडी चामडी तुमान नीतीला धरून नसल्याचं सांगितलं. आज पाद्रीबाबा त्याच तुमानवाल्यांच्या मिरवणुकीला आशीर्वाद देतात.

बायकांच्या झग्याची, डिर्न्डलची, गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. घट्ट बिनबाह्यांची अंगी, घेरदार घागरा, पुढे बांधलेला एप्रन: या पोशाखाचं मूळ मोलकरणींच्या कामाच्या कपड्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उन्हाळ्यात डोंगरात हवापालटाला जाणाऱ्या शहरी बायकांना तो साधेपणा आवडू लागला. त्याला खरी फॅशन बनवली ती यूलियुस आणि मोरिट्झ वालाख या भावांनी. वालाख कुटुंब ज्यू, मूळचं वेस्टफालियाचं, म्हणजे म्युनिकपासून पाचएकशे किलोमीटर वायव्येकडचं. १९०० मध्ये त्यांनी म्युनिकमध्ये लोककलेच्या वस्तूंचं आणि पोशाखांचं दुकान थाटलं. ते गावोगाव फिरून जुने कपडे, पेट्या, छापाचे लाकडी ठोकळे गोळा करत आणि त्यांवरून रेशमाचे, सुती छापाचे नवे झगे शिवत. १९१० मध्ये ऑक्टोबरफेस्टला शंभर वर्षं झाली, तेव्हा निघालेल्या मिरवणुकीला कपडे पुरवले ते वालाखांनीच. म्युनिकला ‘आपला’ वाटणारा पोशाख म्युनिकने परप्रांतातून आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांच्या कपाटातून उचलला, हे त्या वेळी कोणालाही खटकलं नाही.

त्याच १९१० च्या जत्रेत त्याच मैदानावर सामोआ बेटावरच्या माणसांचं ‘प्रदर्शन’ही भरलं होतं. सामोआ तेव्हा जर्मन वसाहत होती. तिथला मोठा सरदार तामासेसे आपल्या माणसांसह आला होता, त्याने स्वतःला पाहुणा समजलं; तिकीट काढून आलेल्या म्युनिककरांनी त्याला तमाशा समजलं. असे माणसांचे खेळ युरोपभर चालत आणि म्युनिकच्या जत्रेतही ते वर्षानुवर्षं चालले. शंभरीच्या गौरवग्रंथांत मिरवणूक जास्त दिसते, हा भाग कमी.

तंबूंमधली धमालही अशीच बाहेरून आलेली. १८९६ पासून लहान टपऱ्यांची जागा मोठ्या मांडवांनी घ्यायला सुरुवात केली. १८९८ च्या सुमाराला गेओर्ग लांग नावाच्या हॉटेलवाल्याने प्रचंड मांडव आणि त्यात तीसएक वादकांचा बँड आणला. लोकांनी सोबत गावं म्हणून गाण्यांचे कागद वाटले. हा लांग न्यूरेंबर्गचा, म्हणजे फ्रँकोनियन. फ्रँकोनियन माणसाला आजही बव्हेरियन म्हटलेलं फारसं रुचत नाही. तंबूत दर वीस मिनिटांनी बँड जे मग उंचावण्याचं गाणं वाजवतो, त्याची चाल बांधणारा बेर्नहार्ड डिट्रिश हा सॅक्सनीतल्या केम्निट्झचा. तेव्हा थुरिंगियाची नवरी, वेस्टफालियाचे कापडवाले, न्यूरेंबर्गचा मांडववाला, सॅक्सनीची चाल. आणि बेरीज ‘अस्सल बव्हेरियन’.

मगातल्या बिअरचीही हीच कथा. ‘जर्मन बिअरचा पाचशे वर्षं जुना शुद्धतेचा कायदा’ जाहिरातींमधून सगळ्यांनी ऐकलेला असतो. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट इथे काढलेलं ते फर्मान बव्हेरियाच्या ड्यूकांचं होतं आणि त्यांच्या मुलखाबाहेर त्याला कोणी विचारत नव्हतं. त्यातला बराच मजकूर बिअरच्या भावाबद्दल आहे. सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच वापरायचं हे कलम मध्ये येतं. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण ते काय करतं हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. गहू पाववाल्यांसाठी राखायचा, हाही हिशेब त्यात असल्याचं मानतात. उत्तरेत गोस्लारकडे मीठ आणि धणे घालून बिअर बनत होती आणि ती अजूनही मिळते. साऱ्या जर्मनीला लागू होणारा नियम आला तो १९०६ मध्ये.

जर्मनी हे राष्ट्र मुळात १८७१ चं. त्याआधी जर्मन भाषक प्रदेशात डझनावारी राज्यं, संस्थानं आणि मुक्त नगरं होती. १८६६ च्या युद्धात बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाविरुद्ध लढला आणि हरला. पाच वर्षांनी तो प्रशियाच्या पुढारीपणाखालच्या साम्राज्यात गेला, पण टपाल, रेल्वे, शांततेच्या काळातलं सैन्य आणि बिअरवरचा कर स्वतःकडे ठेवूनच. प्रशियाच्या राजाने सम्राट व्हावं अशी विनंती करणारं पत्र बव्हेरियाच्या लुडविग दुसऱ्याने लिहिलं, तेही बिस्मार्कने गुप्त निधीतून पैसे द्यायचं कबूल केल्यावर. हाच राजा नॉयश्वानश्टाइनचा परीकथेतला किल्ला बांधत होता आणि त्याला पैशाची निकड होती. परदेशी व्यंगचित्रात टोकदार शिरस्त्राण, करडी शिस्त आणि चामडी तुमान एकाच माणसाच्या अंगावर चढवतात. शिरस्त्राण प्रशियाचं, तुमान बव्हेरियाची. दोघांना एकाच अंगरख्यात कोंबलेलं पाहून म्युनिकच्या जुन्या माणसाचा जीव अजूनही तळमळतो.

टेरेझेच्या कुरणाने विटल्सबाखांचा उत्सव पाहिला तसा त्यांचा अस्तही पाहिला. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धाने गांजलेले हजारो कामगार आणि सैनिक शांतता मागण्यासाठी बव्हेरियाच्या पुतळ्याखाली जमले. सभा संपल्यावर कुर्ट आयस्नर आपल्या अनुयायांसह छावण्यांकडे निघाला, सैनिक एकामागून एक त्याच्या बाजूला आले आणि त्याच रात्री राजा लुडविग तिसरा कुटुंबासह शहर सोडून गेला. सातशेहून अधिक वर्षांची राजवट जवळपास रक्त न सांडता संपली. आयस्नरने बव्हेरियाला ‘फ्रायश्टाट’, म्हणजे प्रजासत्ताक राज्य, म्हणून घोषित केलं. बव्हेरियाचे पुराणमताभिमानी पुढारी आज ते बिरुद छातीठोकपणे मिरवतात. ते दिलं बर्लिनहून आलेल्या ज्यू समाजवादी पत्रकाराने. त्याला २१ फेब्रुवारी १९१९ रोजी एका तरुण उमरावाने भर रस्त्यात गोळ्या घालून मारलं.

१९३३ नंतर नाझींनी जत्रा हाताशी धरली. ज्यूंना तिथे काम करायला बंदी झाली. १९३६ पासून शहराच्या आणि प्रांताच्या झेंड्यांच्या जागी स्वस्तिकाचे झेंडे लागले. १९३८ मध्ये जत्रेला ‘महाजर्मन लोकोत्सव’ असं नाव दिलं गेलं. त्याच वर्षी वालाखांना दुकान विकायला भाग पाडण्यात आलं. यूलियुस आणि मोरिट्झ अमेरिकेला निसटले. तिसरा भाऊ माक्स कापडछपाईचा कारखाना चालवायचा आणि तो कारखाना होता डाखाउमध्ये, जिथे नाझींनी पहिली छळछावणी उघडली होती. माक्स आणि त्याची पत्नी मेलिटा यांना आउश्विट्झमध्ये मारण्यात आलं. शेजारच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमध्ये १९३८ च्याच उन्हाळ्यात ज्यूंना डिर्न्डल आणि चामडी तुमान घालायची कायद्याने बंदी झाली. टिरोलमधल्या गेर्ट्रूड पेझेनडोर्फर या बाईंकडे ‘जर्मन पोशाख’ ठरवण्याचं सरकारी काम आलं. जुन्या डिर्न्डलवरची बंद गळ्याची चर्चची छाप काढून टाकून त्यांनी कमरेत आवळलेला, उघड्या गळ्याचा झगा रूढ केला. पर्यटकांना शतकानुशतकांचा वाटणारा आजचा आकार बराचसा त्यांच्या कात्रीतून आलेला आहे. म्युनिकच्या ज्यू संग्रहालयाने २००७ मध्ये वालाखांवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा अनेक म्युनिककरांनी ही नावं पहिल्यांदा ऐकली असतील.

मग हे चित्र साऱ्या जर्मनीचं कसं झालं? त्याचं एक उत्तर १९४५ च्या नकाशात आहे. पराभूत जर्मनीचे चार तुकडे झाले आणि बव्हेरिया अमेरिकनांच्या वाट्याला आला. पुढची काही दशकं लाखो अमेरिकन सैनिक दक्षिण जर्मनीत राहून गेले. सुट्टी मिळाली की गार्मिश आणि बेर्शटेसगाडेनच्या सैनिकी विश्रामगृहांत जायचं, डोंगर पाहायचे, बिअर प्यायची, छायाचित्रं काढून घरी पाठवायची. हॅम्बुर्ग आणि ऱ्हाइनचा उत्तर भाग ब्रिटिशांकडे, सॅक्सनी आणि थुरिंगिया रशियनांकडे. अमेरिकेने जो जर्मनी पाहिला तो हा, आणि अमेरिकेने सिनेमातून जगाला दाखवला तोही हाच. ज्या बव्हेरियाचा जर्मनीचा चेहरा झाला, त्याच बव्हेरियाच्या विधानसभेने मे १९४९ मध्ये नव्या जर्मन राज्यघटनेच्या विरोधात मत दिलं होतं, १०१ विरुद्ध ६३. बहुसंख्य राज्यांनी मान्य केली तर आम्हालाही बंधनकारक राहील, एवढी सोय मात्र ठेवली.

पश्चिम जर्मन सरकारलाही हे चित्र सोयीचं होतं. बर्लिनची १९३६ ची ऑलिम्पिक जगाच्या आठवणीत होती, म्हणून १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सगळं हलकं, हसरं, आकाशी रंगाचं ठेवायचं ठरलं. पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या असलेल्या तरुणींना आकाशी डिर्न्डल दिले गेले. त्यांतली एक, झिल्व्हिया सोमरलाट, पुढे स्वीडनची राणी झाली. ५ सप्टेंबरला इस्रायली खेळाडूंवर हल्ला झाला आणि तो हसरा मुखवटा गळून पडला. डिर्न्डलची प्रतिमा मात्र टिकली. २६ सप्टेंबर १९८० रोजी एका अतिउजव्या तरुणाने खुद्द जत्रेच्या दाराशी बॉम्ब फोडला. त्याच्यासह तेरा जण मेले, दोनशेहून जास्त जखमी झाले. दारापाशी स्मारक आहे. बिअरचा मग शोधत धावणाऱ्या गर्दीला ते दिसतंच असं नाही.

साठ-सत्तरच्या दशकांतली जत्रेची छायाचित्रं पाहावीत. तंबूत बसलेले बहुतेक लोक कोट-टाय, शर्ट, जीन्स अशाच कपड्यांत. घरच्या पोरांना चामडी तुमान घाल म्हटलं की ती लाजायची. ती मोठ्या प्रमाणावर परत आली १९९० च्या दशकानंतर, आणि आणली तरुणांनीच. नव्वदच्या अखेरीस डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली आणि पाहता पाहता नऊवारी आणि फेटा कॉलेजच्या पोरापोरींचा हौसेचा पेहराव झाला, तसंच काहीसं. आता वीझनवर साध्या कपड्यांत जाणाराच वेगळा दिसतो, आणि परदेशी पाहुणा तर विमानतळावरूनच स्वस्तातली तुमान घेऊन येतो. वर्षाला साठ-सत्तर लाख माणसं जत्रेला येतात आणि बिअर मिळते ती फक्त म्युनिकच्या सहा दारूभट्ट्यांची.

समुद्रापार तर आणखी गंमत. ब्राझीलमधलं ब्लुमेनाउ हे १८५० मध्ये जर्मन स्थलांतरितांनी वसवलेलं शहर. तिथे १९८४ पासून ऑक्टोबरफेस्ट भरतो. दोन वर्षं लागोपाठ पुराने झोडपलेल्या शहराला उभारी यावी म्हणून तो सुरू झाला. त्या खोऱ्यात आलेले अनेक जण पोमेरेनियाचे, म्हणजे बाल्टिक किनाऱ्याचे शेतकरी होते. त्यांच्या पणजोबांनी चामडी तुमान कधी पाहिलीही नसेल. पणतू ती घालून नाचतात.

उत्तर जर्मनीतल्या माणसाला या चित्रात स्वतःचं काही दिसत नाही. नेदरलँड्सला लागून असलेल्या पूर्व फ्रिसियात लोक बिअरपेक्षा चहासाठी ओळखले जातात: माणशी वर्षाला सुमारे तीनशे लिटर, जगात सर्वांत जास्त पिणाऱ्यांत त्यांची गणना. कपात खडीसाखर, वर गडद चहा, कडेने सोडलेली साय, ढवळायचं नाही. तीन कपांआधी उठणं म्हणजे यजमानाचा अपमान, आणि पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. मिश्रणात मुख्य पत्ती आसामची. अठराव्या शतकात प्रशियाच्या सरकारने तिथे चहाविरुद्ध मोहीम काढली, लोकांनी ती साफ धुडकावली. कोलोनमध्ये बिअर असते, पण पाव लिटरहून लहान, उभ्या पेल्यात. लिटरभराचा मग मागितला तर वाढपी टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. लुसाटियात सोर्ब नावाचे स्लाव्ह लोक शतकानुशतकं आपली भाषा बोलतात आणि तेही जर्मन नागरिकच. काळ्या जंगलातली लाल लोकरी गोंड्यांची टोपी साऱ्या दक्षिण जर्मनीची खूण म्हणून छापतात. ती मुळात तीन गावांची, आणि लाल गोंडे फक्त अविवाहित मुलींचे, लग्न झालं की काळे.

महाराष्ट्राचा जर्मनीशी जो खरा संबंध आहे, तोही म्युनिकच्या बाहेरच जास्त. पुण्याचे १९७० च्या दशकापासून जिव्हाळ्याचे संबंध आहेत ते ब्रेमेनशी. औंधमध्ये ब्रेमेन चौक आहे. ब्रेमेनची स्वतःची ऑक्टोबरातली जत्रा आहे, ‘फ्रायमार्क्ट’. तिला परवानगी दिली १०३५ मध्ये सम्राट कोनराड दुसऱ्याने, म्हणजे ती ऑक्टोबरफेस्टपेक्षा पावणेआठशे वर्षांनी थोरली. जत्रा लागली की चौकातल्या १४०४ सालच्या रोलांडच्या दगडी पुतळ्याच्या गळ्यात मसाल्याच्या बिस्किटाचं मोठं बदाम अडकवतात.

मुंबईचं भगिनी शहर १९६८ पासून श्टुटगार्ट आहे. नाशिकला बॉश आहे, चाकणला मर्सिडीज; दोन्ही कंपन्या श्टुटगार्टच्या. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने कुशल कामगार पाठवण्याचा करार केला तो श्टुटगार्टच्याच राज्याशी, बाडेन-व्युर्टेम्बर्गशी. श्टुटगार्टची माणसं स्वाबियन: काटकसरी, कामसू, यंत्रात रमणारी, शहरातल्याच टेकड्यांवर द्राक्षं लावून वाइन पिणारी. त्यांचीही जत्रा आहे, कान्श्टाटची. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं बुडाली, व्युर्टेम्बर्गमध्ये दुष्काळ पडला, माणसं देश सोडून निघाली. राजा विल्हेल्म पहिला आणि त्याची रशियन राणी काटारिना यांनी पाठोपाठ शेतीची शाळा काढली, आजचं होहेनहाइम विद्यापीठ ते हेच, आणि सप्टेंबर १८१८ मध्ये चांगल्या जनावरांना, चांगल्या पिकाला बक्षिसं देणारी जत्रा भरवली. मैदानात फळंधान्यांनी मढवलेला उंच खांब उभारला जातो, तो त्या दुष्काळानंतरच्या सुगीची आठवण म्हणून.

म्युनिकची जत्रा राजाच्या लग्नातून निघाली, कान्श्टाटची भुकेतून. गेल्या वीसेक वर्षांत मात्र कान्श्टाटच्या तंबूंमध्येही तरुण मंडळी चामडी तुमान आणि डिर्न्डल घालून येतात. स्वाबियात हा पोशाख कधी नव्हता. तिथली जुनी पोशाख मंडळं दरवर्षी हे नम्रपणे सांगतात, आणि दुकानदार दरवर्षी नवा माल भरतात.